बारवेचं मैदान

जळकोट,
२ सप्टेंबर १९६१

ती. स्व. बाबूराव गुरुजी यांस,
महांतप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तार पोचली असेलच. तारेत चार शब्दांपलीकडं काही मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. दुकानातली गर्दी ओसरल्यावर लिहायला बसलो आणि उगीचच उठून मापं पुसत राहिलो. पण तुम्हाला कळवणं भाग आहे.

आपल्या फुटबॉल क्लबाचा लेफ्ट आउट, सखूबाई धनगरणीचा सिदू, बारवेत गेला. नागपंचमी नुकतीच झाली होती, वरून भुरभुर चालू होती. सरावाचाच खेळ. सिदूनं कोपऱ्यातून मारलेला चेंडू उंच गेला आणि नेहमीसारखा बारवेत पडला. ज्यानं मारला त्यानंच उतरून काढायचा हा तुमचा नेम, त्याप्रमाणं सिदू हसतच खाली गेला. पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाण्याचा आवाज आम्ही ऐकला. पण गुरुजी, तो पट्टीचा पोहणारा. बारवेत बुडी मारून, दम धरून आम्हाला घाबरवायची त्याला खोडच होती. आम्हाला वाटलं, लेकाचा गंमत करतोय. आम्ही काठावर हसत उभे होतो आणि चेंडू पाण्यावर तरंगत होता. मग एकेकाचं हसणं थांबलं.

डोकं मधल्या टप्प्याच्या दगडावर आपटलं होतं. वर काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

दिवसकार्य झालं. बाप बिराप्पा तर सिदू रांगत होता तेव्हाच गेला, त्यामुळं घरात आता सखूबाई एकट्याच. पोरं पुन्हा खेळायला लागलीत, पण कुणाचा पाय उचलत नाही. परवा दुकानात सगळे जमले. निम्म्यांचं म्हणणं, हे मैदान सोडावं. सडकेपलीकडं आमच्या वडिलांचं बरड पडून आहे, दगड वेचले तर खेळता येईल. काही जण म्हणतात, बारवेत आसरा आहेत आणि त्यांना आता माणसाची चटक लागली. बारव बुजवावी म्हटलं तर साऱ्या गावची मेंढरं तिथं पाणी पितात. काट्याचं कुंपण घातलं तर चेंडूचं ब्लॅडर फुटतं. मैदान सरकवावं तर दुसऱ्या अंगाला सडक.

सखूबाई रोज संध्याकाळी मैदानावर येतात. बारवेच्या अंगाला बसतात, कुणाशी बोलत नाहीत आणि खेळ संपला की उठून जातात.

क्लबाचे अध्यक्ष तुम्ही. तुमच्या शब्दाशिवाय कुणी हलणार नाही. काय करावं ते कळवावं.

आपला आज्ञाधारक,
महांतप्पा


धाराशिव,
८ सप्टेंबर १९६१

चि. महांतप्पा यास अनेक आशीर्वाद.

तार आली तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राहिलं. सूनबाईंना वाटलं, भाजी बिघडली. त्या पोराचा डावा पाय मी घडवला रे! उजव्यानं मारला की मी त्याचा कान धरायचो. आता तो पाय कुणाला दाखवू?

पण शोक वेगळा आणि क्लब वेगळा. मैदान सोडायचं नाही.

तू लहान होतास, म्हणून तुला आठवण करून देतो. सडकेचं काम चालू होतं तेव्हा ओव्हरसियरच्या छावणीत पाहून आपल्या पोरांनी हा खेळ उचलला. चेंडू बारवेत पडला की पाटलाचा पोरगा काठावर उभा राहायचा आणि धनगराच्या नाहीतर मांगाच्या पोराला म्हणायचा, ‘उतर, काढ.’ ते पोर मुकाट उतरायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच दिवशी नेम घातला: ज्यानं मारला त्यानं काढायचा, मग तो कुणाचाही असो. पाटील माझ्या घरी भांडायला आले होते. मी म्हणालो, तुमच्या पोराला पाण्याचं भय असेल तर त्यानं चेंडू खाली ठेवून मारावा. पुढं तोच पोरगा मुकाट्यानं धोतर खोचून उतरला. बिराप्पा तेव्हा काठावर होता. तो माझ्याकडं बघून हसला, ते हसू मला अजून दिसतं. निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या धामधुमीत आपण हे मैदान सोडलं नाही, आणि आता शेवाळाला भिऊन सोडायचं?

आसरा-बिसरा मला सांगू नका. तुम्हाला मी चौथीपर्यंत काय शिकवलं?

आणि तूच लिहितोस की ती माउली रोज खेळ पाहायला येते. तिचा मुलगा गेला, तरी ती मैदान सोडत नाही. तुम्ही तिच्याकडून काही शिका. हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. पायऱ्या खरवडून घ्या, शेवाळ ठेवू नका.

तुझा,
बाबूराव


जळकोट,
२० सप्टेंबर १९६१

ती. स्व. गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दाखवलं. कुणी उलट बोललं नाही. मैदान सोडायचं नाही असं ठरलं.

पायऱ्या आम्ही दोनदा खरवडल्या. शेवाळ पुन्हा धरतंच. तिघा जणांना घरच्यांनी खेळायला मनाई केली, त्यामुळं आता आम्ही बरोबर अकरा उरलो आहोत. एक गोष्ट सांगू का? बारवेच्या बाजूला आता कुणी चेंडू नेतच नाही. सगळा खेळ सडकेच्या अंगाला, एका कडेला गोळा होतो. कुणी ठरवलेलं नाही, आपोआप होतंय.

सखूबाई येतातच. आधी कडेच्या लिंबाखाली बसायच्या, आता बारवेच्या पहिल्या पायरीवर मधोमध बसतात. ऊन असो, पाऊस असो. आमच्या घरातून शिवकांतेनं चहा पाठवला तर घेतात, पण आमच्याकडं बघत नाहीत. चेंडूकडं बघतात.

गुरुजी, एकदा येऊन बघून गेलात तर फार बरं होईल. मला नीट लिहिता येत नाही. डोळ्यांनी बघितलं तर तुम्हाला कळेल.

आपला,
महांतप्पा


धाराशिव,
२७ सप्टेंबर १९६१

चि. महांतप्पास आशीर्वाद.

मला यायला सांगतोस, पण गुडघ्यांना कोण समजावणार? कचेरीपर्यंत चिरंजीव वसंताबरोबर चालत गेलो तर दोन दिवस अंथरूण धरलं. तू दुकानदार माणूस, तोलून-मापून लिहितोस. जे आहे ते सरळ लिहावं.

मला एक सुचलं आहे. मैदानाला सिदूचं नाव द्यायचं. बारवेच्या तोंडाशी एक दगड उभा करा. वडार चांगला पाहा, अक्षर वेडंवाकडं नको. दसऱ्याला नळदुर्गचा संघ खेळायला येणार आहेच. सामन्याआधी सखूबाईंच्या हातून त्या दगडाला नारळ वाढवा. आईच्या हातून व्हावं. तिला बरं वाटेल आणि पोरांच्या मनातली भीतीही जाईल.

तुमच्या बरडाचं नाव पुन्हा काढू नकोस. त्या मुरमावर चेंडू सशासारखा पळेल. एका पावसाळ्यात सगळ्यांचे गुडघे माझ्यासारखे होतील.

तुझा,
बाबूराव


जळकोट,
६ ऑक्टोबर १९६१

श्री. बाबूराव मास्तर यांस,

हे पत्र सखूबाईंचं आहे. त्या सांगतात तसं मी, महांतप्पांच्या घरची शिवकांता, लिहून घेत आहे. माझ्या पदरचा एकही शब्द नाही.

मास्तर, रामराम. तुमी दगडाचं सांगून धाडलं. महांतप्पानं मला सांगितलं. म्या नारळ फोडणार न्हाय. दगुड नगं. माझ्या लेकराला दगडानंच मारलंय.

तुमी म्हनला म्हनं, म्या खेळ बघाया येते. कुनी सांगितलं तुमास्नी? म्या खेळ बघत न्हाय. मला त्या खेळातलं कळत बी न्हाय. माझं घर मैदानाच्या मागंच हाय. घरात बसलं की चेंडूचा आवाज येतो, धप्प, धप्प. त्यो आवाज चालू हाय तवर माझा जीव चालू. आवाज थांबला की वाटतं, पडला बारवंत, आता कुनाचं तरी लेकरू उतरलं. मग पुन्यांदा धप्प होईस्तवर म्या चुलीम्होरं नुसती बसून ऱ्हाते. भाकर करपून जाती. लई दिस सोसलं. मग म्हनलं, घरात मरन्यापरास तितं जाऊन बसावं.

म्या पायरीवर आडवी बसते, मास्तर. कुनी चेंडू काढाया आला तर त्येला मला वलांडून जावं लागंल. कंचं पोर मला वलांडंल? म्हून बसते.

सिदू लहान हुता तवा त्येचा बाप सांगायचा, मास्तरानं नेम घातला म्हून आपल्या पोरास्नी आता कुनी बारवंत ढकलत न्हाय. तुमचं नाव घेऊन त्येनं पेढं वाटलं हुतं. म्या तुमास्नी शिव्या देत न्हाय. पर तुमीच नेम घातला, तुमीच काढा. आन् खेळ तितनं हलवा. पोरं तुमच्या शब्दाबाहीर न्हाईत. म्या म्हातारी, किती दिस आडवी बसू?

सखूबाई बिराप्पा यांच्या सांगण्यावरून.


धाराशिव,
१२ ऑक्टोबर १९६१

चि. महांतप्पास आशीर्वाद.

सखूबाईंचं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. वसंता विचारत होता, कुणाचं पत्र आहे. मी सांगितलं, गावाकडचं आहे.

मला थोडा वेळ दे. नळदुर्गला आमंत्रण गेलेलं आहे. ऐन दसऱ्यात सामना मोडला तर जळकोट भ्यालं म्हणून ते गावोगाव सांगतील. तेवढा एक सामना आपल्या मैदानावर होऊ दे. नेमही तोवर राहू दे. पाहुण्यांसमोर घरचा नेम मोडायचा नसतो. दसरा झाला की मी काय ते कळवतो. दगड करू नका.

तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला वाचून दाखवू नकोस. मी नेम काढला, तर सिदू कशासाठी उतरला होता असं तिनं विचारल्यावर मी काय सांगू? आजवर इतक्या पोरांना शिकवलं, पण ह्याचं उत्तर मला येत नाही.

तुझा,
बाबूराव


जळकोट,
२४ ऑक्टोबर १९६१

ती. स्व. गुरुजींस नमस्कार.

सामना पुरा झाला नाही.

नळदुर्गकर मोठ्या उत्साहानं आले होते. आपल्या पोरांना सोनं दिलं, गळाभेटी झाल्या. बारवेच्या बाजूला खेळायचं नाही हे त्यांना काय माहीत? हाफटाइमनंतर त्यांच्या एका गड्यानं जोरात मारलेला चेंडू सरळ बारवेत. मैदानावरचा नेम त्यांना आम्ही आधी सांगितला होता. तो बिचारा बूट काढून निघाला. मी ओरडणार होतो, पण तुमचं पत्र खिशात होतं.

सखूबाई पायरीवर उभ्या राहिल्या. त्याला म्हणाल्या, ‘पावन्या, माय हाय का रं तुला?’ तो म्हणाला, ‘हाय की.’ ‘मग हितंच थांब.’ असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि त्या स्वतःच खाली उतरायला लागल्या.

आम्ही सगळे धावलो. त्यांनी वळून नुसता हात केला, तशी सगळ्यांचे पाय जागच्या जागी थांबले. ह्या वेळी हसायला कुणी नव्हतं. एकेक पायरी बसत बसत त्या उतरल्या. मधल्या टप्प्यावर फार वेळ थांबल्या. तिथं दगडावर हात फिरवला. मग पाण्यापर्यंत जाऊन चेंडू ओढून घेतला आणि काखेत लेकरू घ्यावं तसा घेऊन वर आल्या. लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. चेंडू त्या पाहुण्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘खेळा.’

कुणी खेळलं नाही. नळदुर्गच्या कप्तानानं चेंडू माझ्या हातात ठेवला, बारवेच्या दिशेनं हात जोडले आणि आपली माणसं घेऊन तो निघून गेला. आपली पोरं कडेला जाऊन रडली.

गुरुजी, मला तुमचा राग आला होता, तो लपवत नाही. तुम्ही नुसता शब्द टाकायचा होता.

महांतप्पा


धाराशिव,
२८ ऑक्टोबर १९६१

चि. महांतप्पा,

रागावलास ते बरोबर केलंस. तिच्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं. मी नळदुर्गचा विचार करत बसलो.

क्लबानं बारवेचं मैदान सोडावं. हे पत्र मिळेल त्या दिवशी खांब उपटून तुमच्या बरडावर न्या. माझा नेम रद्द. यापुढं चेंडू कुठंही पडो, त्याच्यामागं कुणी जायचं नाही. सखूबाईंना सांग, मास्तरानं काढला. त्यांना म्हणावं, आता घरी बसा.

बाबूराव


जळकोट,
१२ डिसेंबर १९६१

ती. स्व. गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

उशीर झाला, क्षमा असावी. खांब दिवाळीच्या आधीच हलवले. बुडाला वाळवी लागली होती, म्हणून थोडे तोडून रोवले, त्यामुळं गोल जरा बुटका झाला आहे. सगळ्यांनी मिळून बरडावरचे दगड वेचले. तुम्ही म्हणाला होता तसाच चेंडू मुरमावर पळतो, गुडघे फुटतात, पण खेळ होतो. चुन्याच्या रेघा मारल्या त्या दिवशी मी स्वतः सखूबाईंना सांगून आलो की, मास्तरांनी नेम काढला, खेळ हलला, आता तुम्ही सुटलात. त्यांनी मान डोलावली.

तरी त्या संध्याकाळी बारवेवर जातात.

आम्हाला आधी कळलं नाही. आम्ही सडकेच्या पलीकडं, तिथून काही दिसत नाही. एक दिवस मेंढरं पाजायला गेलेला गुंडाप्पा सांगत आला की म्हातारी घसरली होती, मी हात धरला म्हणून राहिली. शिवकांता त्यांची समजूत घालायला गेली. तिला त्या म्हणाल्या, ‘तवा तुमच्या पोरांसाठी बसत हुते. आता माझ्यासाठी बसते. दसऱ्याला खाली उतरले तवा बघितलं, माझ्या लेकराला शेवटाला काय दिसलं आसंल त्ये. खालनं वर बघितलं की आभाळाचा येवढासा चौकोन दिसतो, दुसरं काय बी न्हाय. त्यो एकला बघत हुता. आता म्या बी बघते.’

आता त्या वर बसत नाहीत, गुरुजी. पार खालच्या पायरीवर, पाण्याला पाय लावून बसतात. मैदान होतं तेव्हा आमचं लक्ष तरी असायचं. आम्ही मैदान सोडलं आणि त्यांना तिथं एकटं टाकून आलो. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. परत जावं तर चेंडूचा तो आवाज पुन्हा त्यांच्या कानी पडणार. जाऊ नये तर त्या अशा.

शेवटी आम्ही पाळ्या लावल्या. रोज आमच्यातला एक जण बारवेच्या वरच्या पायरीवर बसतो. ज्याची पाळी त्यानं बसायचं, मग तो कुणाचाही असो. पाटलाचा नातू काल बसला होता. त्या खाली, हा वर. त्या उठल्या की मागं मागं त्यांच्या दारापर्यंत जायचं. आम्ही जातो हे त्यांना माहीत आहे, पण त्यांनी कधी हटकलं नाही.

त्यामुळं बरडावर आम्ही दहाच खेळतो. लेफ्ट आउटची जागा मोकळी सोडतो. तिथं उभं राहायला तसंही कुणी तयार नव्हतं.

तब्येत सांभाळावी.

आपला आज्ञाधारक,
महांतप्पा


धाराशिव,
१७ डिसेंबर १९६१

चि. महांतप्पास अनेक आशीर्वाद.

येत्या गुरुवारी दुपारच्या एस.टी.नं मी जळकोटला येतो आहे. परत जायचं तिकीट काढणार नाही. वसंता चिडला आहे. म्हणतो, ह्या वयात गावाकडं कुणाच्या भरवशावर राहणार? सूनबाई विमलनं मात्र काही न विचारता दशम्या बांधायला घेतल्या. तुमच्या दुकानामागच्या खोलीत एक बाज टाकून ठेव. मला तेवढी पुरे.

स्टँडवरून मला सरळ बारवेवर घेऊन चल. बरड मला बघायचं नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी पेन्शनर माणूस, संध्याकाळी मला दुसरं काम काय आहे? बसायला गुडघे आड येत नाहीत, उठतानाच काय ती रडारड. तेव्हा अंधार पडायच्या आत कुणीतरी हात द्यायला येत जा. उतरतानाही हात लागेल, कारण मी वरच्या पायरीवर बसणार नाही. ती बसते त्याच्या एक पायरी वर बसेन. ती बोलली नाही तर मीही बोलणार नाही. तिनं विचारलं, तर मला उत्तर येत नाही असं सांगेन. खालून तो चौकोन कसा दिसतो, ते मलाही बघू दे. नेम घातला तेव्हा मी काठावरच उभा होतो, कधी खाली उतरलो नाही.

पाळ्या बंद करा. लेफ्ट आउटला कुणालातरी उभं कर. भीत असेल तर त्याला सांग, मास्तरांनी सांगितलंय.

गुरुवारपासून अकरा जण खेळा. बारवेवर मी आहे.

तुझा,
बाबूराव